काँगोच्या पाहुण्याचा सत्कार

लोकप्रियता हा समाजाने माणसाला दिलेला सर्वोच्च सन्मान असतो. हे वाक्य माझंच आहे. काँगोहून आलेल्या एका फुटबॉलपटूच्या मानपत्रासाठी मी ते अमेरिकेत, प्लेनोतल्या घरी लिहिलं, तेव्हा त्याला एकदाही खेळताना पाहिलं नव्हतं.

बायको त्या वसंतात गेली होती. इथल्या मराठी मंडळाने मला कशात तरी गुंतवायचं ठरवलं आणि मानपत्र माझ्या गळ्यात पडलं. बरं वाटलं नाही, वाईटही वाटलं नाही. नातीला विचारलं, हा गोल बरेच करतो का?

"आजोबा, ही इज अ मिडफिल्डर. तो दुसऱ्यांना गोल करू देतो."

असा माणूस लोकप्रिय कसा होतो ते मला कळेना. पण मंडळातल्या निम्म्या पोरांच्या पाठीवर त्याचाच नंबर होता. आम्ही रविवारच्या मॅचची ग्रुप तिकिटं घेतली होती, म्हणून त्याच्या इथल्या क्लबने शनिवारी दुपारी त्याला सत्काराला पाठवलं.

तो वेळेवर आला. हॉलमध्ये तेव्हा मी होतो आणि समोसे होते.

"चारला प्रॅक्टिस आहे, पापा," तो म्हणाला. वडीलधाऱ्यांना त्यांच्याकडे पापा म्हणतात. "उशीर झाला तर कोच उद्या खेळवणार नाही. माझ्या जागेवर एका नव्या खेळाडूचा डोळा आहे."

मी अध्यक्षांना सांगितलं. ते म्हणाले, "दोन मिनिटांत उरकतो."

मग दीपप्रज्वलन झालं, स्पॉन्सर्सचे आभार झाले, फेटा बांधून झाला. शाल आली, नारळ आला. अध्यक्ष मूळचे नाशिकचे. पाहुण्यांचा परिचय काँगो नदीपासून सुरू करून ते गोदावरीपर्यंत आले आणि तिथेच रमले. माझी पाळी आली तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. मी मानपत्राच्या पहिल्या तीन ओळी वाचून कागद मिटला.

"डॉक्टर, एवढंच? पाहुण्यांना काय वाटेल!" असं म्हणत अध्यक्षांनी माझ्या हातातून कागद घेतला आणि उरलेलं स्वतः वाचलं. चांगलं वाचलं. मग समारोपाकडे वळले.

मी पाहुण्याच्या कानाशी लागलो. "ऊठ आणि जा. कुणी काही म्हणणार नाही."

मांडीवरचा नारळ सांभाळत त्याने मान हलवली. "मोठी माणसं बोलत असताना आमच्याकडे उठत नाहीत, पापा."

आमच्याकडे मोठी माणसं बोलायची थांबत नाहीत. दोन संस्कृतींचा मिलाफ म्हणतात तो असा असावा.

साडेचारला टाळ्या झाल्या. फेट्यासकट तो गाडीकडे धावला. त्याच्याबद्दल वाईट वाटायला हवं, एवढं मला समजत होतं.

रविवारी त्याची जागा त्या नव्या खेळाडूला मिळाली. आमची तिकिटं राखीव खेळाडूंच्या बाकाच्या अगदी मागची होती, त्यामुळे मंडळातल्या सगळ्यांना तो शेवटपर्यंत जवळून पाहता आला.