शोभेचे पाशिंजर

एकाच लिंबाखाली दोन सर्व्हिस मोटारी उभ्या राहू लागल्या, की किस्से आपोआप साचतात. लढाईच्या वर्षांत मी वडूजच्या मोटारस्टँडवर एजंट होतो. एजंटाचं काम सोपं. "सातारा, सातारा!" असं ओरडायचं आणि जो दिसेल त्याचं गठुडं उचलून आपल्या मोटारीत टाकायचं. गठुडं गेलं की माणूस मागोमाग येतोच! मोटार सुटली की मीही तिच्याबरोबर जायचो.

मोटार महादूअण्णांची. मिल्ट्रीत ड्रायव्हर होते, पायाला इजा झाली म्हणून घरी आले आणि जुनी मोटार घेऊन वडूज-सातारा सुरू केली. सासऱ्यांना हे पटलं नव्हतं. जवळच्याच वाडीत त्यांचा विहिरीवरचा मळा, मुलगा नाही, एकुलती एक लेक अण्णांना दिलेली. त्यांनी सरळ सांगून टाकलं होतं, दसऱ्यापर्यंत मोटार भरून चालली तर ठीक, नाहीतर ती विका आणि मळ्यात येऊन राहा. म्हणजे घरजावई! अण्णा लढाईतल्या बाँबला भ्याले नव्हते, पण या एका शब्दानं त्यांचं अन्नपाणी तुटलं होतं.

* * *

मोटार सुटायची ती भरल्यावर. माणूस यायचा, आत डोकवायचा, रिकामी दिसली की "भरू द्या, मग बसतो" म्हणत विडी पेटवायचा. सगळेच असे शहाणे! मग मोटार भरणार कशी? आणि लिंबाखालची दुसरी, हिरवी मोटार मात्र बघावं तेव्हा निम्मी भरलेली.

अखेर अण्णांनी तोडगा काढला. गावातली आठ रिकामी माणसं सकाळीच आणून मोटारीत बसवायची. प्रत्येकाच्या मांडीवर गठुडं, गठुड्यात भुसा. ती बघून खरी माणसं बसली की मोटार सोडायची आणि गावाबाहेरच्या ओढ्याला या आठ जणांना उतरवायचं. उरलेल्या जागा पुढच्या गावांत भरायच्या. खऱ्यांना तोवर ऐसपैस बसायला मिळायचं, त्यामुळं कुणाची तक्रार नव्हती. या आठांचा मेहनताना म्हणजे कपभर चहा आणि कांदाभजी. आम्ही त्यांना म्हणायचो, शोभेचे पाशिंजर.

* * *

त्यांतले मुख्य केरबानाना. एके काळचे पैलवान, मिशा अशा की पुढच्या सीटवर नुसते बसले तरी मोटार भरल्यासारखी वाटायची. शेजारच्यानं विचारलं की नाना सांगायचे, साताऱ्याला कोर्टात तारीख आहे. रोज विचारणारा नवा, नानांची तारीख तीच! पंधरा दिवसांत गावात झालं की नाना खुनाच्या खटल्यात अडकले. त्यांच्या पोराची ठरलेली सोयरीक मोडायची वेळ आली.

मी म्हटलं, नाना, दवाखान्यात चाललोय म्हणा. तर आठवड्यात भावकी भेटायला आली, नानांच्या म्हाताऱ्या आईनं गळ्यात पडून रडून घेतलं. वैतागून नानांनी तिसरं उत्तर शोधलं, "सांगायचं न्हाई, सरकारी काम हाय."

ते दिवस बेचाळीसच्या चळवळीचे! सरकारच्या खबऱ्यांना चळवळीतली पोरं गाठायची आणि तळपाय सुजवून सोडायची. दुसऱ्याच दिवशी नाना धापा टाकत माझ्याकडं आले.

"लेका, माझी कोर्टातली तारीखच बरी हुती!"

* * *

पेट्रोल मिळेना, तेव्हा आम्ही मोटारीच्या मागं कोळशाची शेगडी बसवून घेतली. त्या धुरावर मोटार चालायची. माणसं बिचकली, मागं जाळ आणि पुढं आपण, हे काय भलतंच? गिऱ्हाईक निम्म्यावर आलं.

एकदा पुसेगावला एक आजी चढल्या. पुढं वर्धनगडच्या घाटात गाडी थांबली आणि आम्ही सगळे ढकलायला उतरलो. वर पोचून बघतो, तर आजींनी शेगडीखालच्या निखाऱ्यात दोन वांगी खुपसलेली! साताऱ्यात उतरताना त्यांनी भाजलेली वांगी पदरात घेतली आणि म्हणाल्या, "मोटार चांगली हाय तुमची. चुलीचं काम वाचलं."

झालं, गावोगाव आमची मोटार 'भरताची मोटार' झाली. बायामाणसं हटकून आमच्यात बसू लागली. एवढी जाहिरात मला जन्मभर ओरडून जमली नसती!

* * *

एका सकाळी मात्र आमची मोटार भरली आणि त्याच क्षणी हिरवीही भरली. दोन्ही एकदम सुटल्या. अण्णांना चेव चढला, ते हिरवीला पुढं जाऊ देईनात. पण ओढा आला तसा त्यांना ब्रेक लावावाच लागला. मागं हिरवीही थांबली.

आमचे आठ उतरले. हिरवीतून नऊ उतरले!

सगळे एकमेकांच्या गठुड्यांकडं बघत राहिले. आमच्यात दोन खरे पाशिंजर उरले होते, हिरवीत एक. तोही रागानं उतरून आमच्यात येऊन बसला. आणि ते सतरा जण गप्पा मारत चहाला माघारी निघाले.

* * *

दसरा चार दिवसांवर आला असताना, न सांगता सासरे स्टँडवर हजर! मोठा केशरी पटका, हातात काठी. आत आठ शोभेचे आणि तीन खरे. ते सरळ मागच्या सीटवर जाऊन बसले.

ओढा आला. आठही जण गठुडी सावरून उठायच्या बेतात. आता हे उतरले तर सगळंच संपलं! अण्णांनी मान खाली घातली आणि मोटार तशीच पुढं दामटली. नाना मिशी चावत बसून राहिले. घाटात त्या आठांनी मोटार अशी ढकलली की जणू त्यांच्या बापाचीच होती.

साताऱ्यात सासरे बैलांच्या घुंगुरमाळा घ्यायला गेले. परत येऊन बघतात तर आठही जण, गठुड्यांसकट, जिथल्या तिथं.

वडूजला लिंबाखाली उतरल्यावर त्यांनी नानांना विचारलं, साताऱ्यात काय काम होतं? नाना म्हणाले, कोर्टात तारीख. दुसऱ्याला विचारलं. तारीख. तिसऱ्याला, चौथ्याला, आठव्याला. तारीख!

अण्णा स्टिअरिंगवरचा हात काढेनात. मला वाटलं, आता या माणसाच्या हातात उद्यापासून मळ्यातली मोट. फार वाईट वाटलं मला.

सासऱ्यांनी पटका उतरवला, झटकला, पुन्हा नीट बांधला.

"पाव्हणं, ह्यांची तोंडं बघून कोण बसायचं? उद्यापासनं पुढं मी बसतो. मोठा पटका बघून माणसं येत्यात. पर ओढ्याला थांबवायचं इसरू नका. आज उगं आठ माणसांचा दिस मोडला."