समुद्राकडून येणाऱ्याला पहिला घोट

फैलका बेटाची बोट सालमियाच्या टोकावरून सुटते. शुक्रवारची सकाळ, फेब्रुवारी महिना, इराकवरच्या दुसऱ्या युद्धानंतरचा हिवाळा. कुवेतमध्ये थंडी पडते हे गावी कोणाला खरं वाटत नाही. त्या दिवशी धक्क्यावरचा वारा स्वेटरमधून आत शिरत होता. माझ्या हातात पाण्याच्या बाटल्या आणि कुब्बूसची (तिथली भाजलेली रोटी) पुडी होती. लूझकडे झाकणाचा निळा डबा होता आणि तो ती कोणाला धरू देत नव्हती.

लूझ आणि मी एकाच हॉस्पिटलात डायलिसिसच्या वॉर्डात नर्स होतो. मी रेवदंड्याची. ती फिलिपिन्सची, तिथल्याही पूर्वेच्या कडेला असलेल्या सुलुआन नावाच्या बेटावरची. त्यापुढे जमीन नाही, थेट पॅसिफिक. मला ती ‘आते’ (थोरली बहीण) म्हणायची.

तिचा धाकटा भाऊ रोडेल मासेमारीला गेला होता. होडी सापडली, तो सापडला नाही. तिने रजा मागितली. वॉर्डात माणसं कमी, म्हणून मिळाली नाही. तिच्या गावी अशी रीत की समुद्राने ज्याचं शरीर परत दिलं नाही त्याच्यासाठी सख्ख्या माणसाने किनाऱ्यावर एकदा जेवण मांडायचं. आईला चालता येत नव्हतं, भावाची दोन मुलं लहान. उरली लूझ. बेटावरच्या माणसाला बेटावरूनच निरोप द्यायचा, म्हणून सालमियाचा किनारा तिला चालेना. मी बरोबर निघाले, कारण तिला एकटीला पाठवणं बरं दिसलं नसतं, आणि कुवेतमध्ये इतकी वर्षं काढून मी फैलका पाहिलं नव्हतं हेही खरं.

बोटीवर आम्ही मागच्या बाजूला बसलो. गाड्या, बकऱ्या, सहलीला निघालेली दोन कुटुंबं. समुद्र राखेच्या रंगाचा होता.

“आमच्या बेटाचं नाव पुस्तकात आहे, आते,” लूझ म्हणाली. आमचं बोलणं हॉस्पिटलच्या इंग्रजीत आणि मोडक्या हिंदीत चालायचं. “पाचशे वर्षांपूर्वी युरोपची जहाजं अख्खा पॅसिफिक ओलांडून आली ती आधी आमच्याकडे. कप्तान पोर्तुगीज, चाकरी स्पेनच्या राजाची. खलाशी मरायला टेकलेले. जहाजावर चामडं आणि उंदीर खाल्ले होते. हिरड्या सुजलेल्या.”

“दातांवर चढतात हिरड्या,” मी म्हटलं. “ताजं फळ-भाजी पोटात गेली नाही की तसं होतं. समोर अन्न ठेवलं तरी चावता येत नाही.”

“तेच. शेजारच्या होमोनहोन बेटावर त्यांनी तंबू ठोकून आजाऱ्यांना झोपवलं. आमची माणसं होडी घेऊन गेली. मासे, केळी, नारळ आणि एक मडकं तुबा (माडी) दिली. त्यांनी लाल टोप्या, आरसे, कंगवे आणि घुंगरं दिली.”

“बरा सौदा झाला.”

“सौदा कसला? आमच्यात रीतच आहे. पाय ओले करून समुद्राकडून जो येईल त्याला आधी खायला घालायचं. पहिला घोट त्याचा. नाव-गाव मागाहून.”

मग तिने पुढचं सांगितलं. तिथे पोचण्याआधी दुसऱ्या एका बेटावर कोणीतरी त्यांची लहान होडी पळवली होती. त्यासाठी कप्तानाने घरं जाळली, माणसं मारली. जहाजावरच्या आजाऱ्यांनी उतरणाऱ्यांना सांगून ठेवलं होतं, मारलेल्यांची आतडी आणा, त्याने आम्हांला बरं वाटेल. “टोप्या आणि आरसे आम्हांला शाळेत शिकवतात,” लूझ म्हणाली. “आतड्यांचं मी इथे नर्सेसच्या खोलीत एका जुन्या मासिकात वाचलं.”

मी चहा पीत होते. कप खाली ठेवला.

“तुमच्या लोकांना हे ठाऊक नव्हतं?”

“कुठून असणार? जहाजाच्या आधी बातमी येते का?”

“आणि ठाऊक असतं तर?”

तिने विचार केला. “तरी दिलं असतं. आजारी होते ना.”

“पुढे काय झालं?”

“पुढे अजून एका बेटावर गाव जाळलं. तिथल्या लोकांनी कप्तानाला पाण्यातच मारला.”

“मग सुटलात.”

“मग दुसरी जहाजं आली, आते.”

आमच्या रेवदंड्यालाही पोर्तुगीजांचा कोट आहे. त्याचा एक दगड आमच्या न्हाणीघरात कपडे धुवायला होता. तो कोणी आणून रचला, त्याआधी तिथे काय होतं, हे घरात कोणी कधी विचारलं नाही.

लूझने डब्याचं झाकण किंचित उघडलं, जेवण सांडलं नाही ना ते पाहायला. आत भाताशेजारी एक बाटली होती. मला वास आला. रेवदंड्याच्या बाईला तो वास ओळखायला मदत लागत नाही.

“लूझ, त्या बाटलीत काय आहे?”

तिने झाकण घट्ट लावलं.

“वेडी आहेस का? ही माडी आहे.”

“दुकानातलं डबाबंद नारळपाणी, साखर आणि यीस्ट. आमची लाल असते, झाडाची साल घालतात. मी चहा घातला.”

“रंगाचं सोड. कुवेतमध्ये हे सापडलं तर आधी तुरुंग, मग थेट विमान. भावाची पोरं काय खातील?”

“त्याच्या जेवणाबरोबर ही लागतेच. त्याशिवाय तो सुटत नाही.”

“पाण्यात ओत. आत्ता.”

“इतक्या लोकांसमोर? वास येईल. ओतणारच आहे, आते, पण त्याच्यासाठी. किनाऱ्यावर.”

लोकांबद्दलचं तिचं म्हणणं बरोबर होतं. मी हिशेब केला: पोचायचं, पहिल्या रिकाम्या किनाऱ्यावर उरकायचं, बाटली विसळून फेकायची. तिला तसं सांगितलं. तिने मान हलवली.

फैलकाला पोचल्यावर आधी दिसतात ती घरं. गाव अख्खं आहे, माणसं नाहीत. शाळा, मशीद, दुकानांची ओळ, आणि सगळ्या भिंतींना गोळ्यांची भोकं. नव्वद साली इराकी सैन्याने बेट रिकामं करवलं. नंतर सरकारने लोकांना मुख्य भूमीवर घरं दिली. वस्ती काही परत आली नाही. रस्त्यात वाळूने अर्ध्या भरलेल्या गाड्या. एका घरात स्वयंपाकघराच्या फरशा शाबूत, छत नाही.

त्याच घराच्या उंबऱ्यावर एक म्हातारा थर्मास घेऊन बसला होता. पांढरी दिशदाशा (पायघोळ अंगरखा), त्यावर जुना कोट. आम्हांला पाहून हिंदीत म्हणाला, “बंबई?”

“रेवदंडा. बंबई के पास,” मी म्हटलं.

“मालूम है. जहाज से दिखता था.” तो हसला. पोरवयात बापाच्या गलबतावर खजूर घेऊन मुंबईला जायचा, म्हणाला. नाव अबू सालेम. घर त्याचंच. दर शुक्रवारी येतो, चहा पितो, बोटीने परत जातो.

“अंदर मत आना, छत गिरेगा,” त्याने बजावलं, आणि आम्हांला बाहेर बसवून चहा दिला. “सोल्जर आया, बोला निकलो. चूल्हे पे मछली था.” चुलीची जागा त्याने बोटाने दाखवली. तिथे आता पक्ष्यांची घाण होती.

जवळच कुंपणाच्या आत ग्रीकांचे अवशेष आहेत. पाहायला तो आमच्याबरोबर आला. फार जुन्या काळी ग्रीक खलाशी या बेटावर उतरले, देऊळ आणि तट बांधला, आणि आपल्या देशातल्या एका बेटाचं नाव याला देऊन मोकळे झाले. आता पायाचे दगड तेवढे उरलेत. खरं सांगायचं तर पाहण्यासारखं थोडं आहे आणि वारा फार.

“पहले क्या नाम था?” मी विचारलं.

“पहले वालों को किसने पूछा?” अबू सालेम म्हणाला, आणि नमाजाला निघून गेला.

पूर्वेच्या किनाऱ्यावर कोणी नव्हतं. ओहोटी लागली होती. लूझने सालमियाच्या दुकानातून आणलेलं केळीचं पान वाळूवर पसरलं, चार कोपऱ्यांवर दगड ठेवले. भात, तळलेली झुबैदी (पापलेट), नारळाच्या कातळ्या. बाटलीतून पेल्यात ओतलं. चहामुळे रंग खरंच लाल आला होता. मग गुडघ्यांवर बसून भावाशी बोलायला लागली. मला त्यातलं ‘रोडेल’ तेवढं कळलं. रडली नाही. घरी कोण कसं आहे ते सांगत असावी, सूर तसाच होता.

मी रस्त्याकडे लक्ष ठेवून होते. माणूस आला तो पाण्याच्या कडेने.

गणवेशातला पहारेकरी, वीस-बावीस वर्षांचा. पँट पोटऱ्यांपर्यंत भिजलेली, ओठ थंडीने काळेनिळे. लांबूनच हात हलवत होता. या बाजूला जुना दारूगोळा निघतो, इथे बसू नका, एवढं सांगायला बिचारा दगडांवरून चालत आला होता.

“सिस्टर, नो सिट. बूम,” तो म्हणाला, आणि नाक ओढलं.

मी डबा उचलला. “हो, हो, निघतोच. लूझ, आटप.”

लूझ उठली. तिने त्याच्या पायांकडे पाहिलं. ओले होते. खाली वाकून तिने पान दोन्ही हातांवर घेतलं आणि त्याच्यापुढे धरलं.

“लूझ, नको,” मी मराठीतच म्हटलं.

त्याने संकोचून मासळीचा तुकडा घेतला. मग आणखी एक. “गुड, गुड.” भुकेला होता. तो खात असताना लूझने पेला उचलला. मी तिचं मनगट धरायला गेले, तर तिने दुसऱ्या हाताने मला बाजूला केलं. आमच्या इतक्या वर्षांत तिने मला असं कधी केलं नव्हतं.

त्याला सरबत वाटलं असावं. मोठा घोट घेतला, आणि फस्सकन वाळूवर उडवला.

तरीही तो गप्प राहिला असता, असं मला वाटतं. त्याने पेल्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता गोंधळ होता. पण वर रस्त्यावर जीप उभी होती आणि त्याचा वरिष्ठ खाली उतरत होता.

“शिनो हादा? (हे काय?)” वरिष्ठाने पेला हुंगला. “खमर? (दारू?)”

“औषध आहे, खोकल्याचं,” मी इंग्रजीत म्हटलं. “मी नर्स आहे.”

त्याने लूझला विचारलं. “मेडिसिन?”

“नो, सर,” लूझ म्हणाली. “तुबा. माझ्या भावाची.”

मेलेल्याच्या पानासमोर खोटं बोलायचं नाही, हीदेखील त्यांची रीत होती. ते मला नंतर कळलं.

दोघींचे बताके (ओळखपत्रं) घेतले. माझा परत दिला. नमाजाहून परतलेला अबू सालेम काठी टेकत आला आणि वरिष्ठाशी बराच वेळ अरबीत बोलला. एकदा त्याने आपल्या घराकडे बोट केलं, एकदा समुद्राकडे. वरिष्ठाने त्याच्या खांद्यावर आदराने हात ठेवला, पण मान नाही म्हणूनच हलवली. तरुण पहारेकरी जीपला टेकून उभा होता. त्याच्या मिशीला भाताचं शीत चिकटलेलं होतं.

जीपमध्ये बसताना लूझ म्हणाली, “आते, पान पाण्यात सोड. उलटं करू नको.”

मी चपला काढल्या आणि पाण्यात गेले. पान सोडलं. पाणी इतकं उथळ की ते चिखलावरच टेकलं. भात भिजला. पेला आणि बाटली पुरावा म्हणून वर गेले होते, त्यामुळे रोडेलच्या वाट्याला माडी आली नाही. पहिला घोट परक्याला गेला आणि उरलेला सरकारजमा झाला.

संध्याकाळच्या बोटीवर मी रिकामा निळा डबा मांडीवर घेऊन बसले होते. अबू सालेम शेजारी होता. सालमियाचे दिवे दिसायला लागले. मग म्हणाला, “अच्छा घर का लड़की है.” थोड्या वेळाने पुन्हा तेच म्हणाला.

तिला सोडवण्यासाठी जेवढं करता आलं तेवढं केलं. वॉर्डातल्या डॉक्टरांनी शब्द टाकला, उपयोग झाला नाही. काही आठवड्यांनी तिला कोठडीतूनच विमानतळावर नेलं. मी तिचे कपडे, बूट, भावाचा फोटो खोक्यात भरून पाठवले. पुढे गावाहून तिचा फोन आला. तिथल्या दवाखान्यात काम मिळालं होतं, पण पगार इतका की धाकट्या भाच्याची शाळा सुटली. थोरला होडीवर जायला लागला होता.

“तेव्हा खोटं बोलली असतीस तर?” मी विचारलं.

“तो गारठला होता, आते,” ती म्हणाली. मी वेगळं विचारलं होतं.

त्या वर्षी मी सुट्टीवर रेवदंड्याला आले. दुसऱ्याच दिवशी माडीच्या दुकानातून एक बाटली घेतली आणि कोटाच्या बाजूने किनाऱ्यावर गेले. दुकानदार म्हणाला, “ताई, तुम्ही? कोणाला?” मी म्हटलं, “आहे एक.” माझा या गोष्टींवर विश्वास नाही. एक काम अर्धं राहिलं होतं, ते पुरं करायचं होतं.

पेल्यात ओतली आणि पाण्यात उतरणार तेवढ्यात कडेकडेने एक माणूस आला. पँट दुमडलेली, पाय ओले, उन्हाने लाल झालेला. कोटाचा दरवाजा कुठे म्हणून त्याने विचारलं, आणि पाणी मिळेल का म्हणाला.

मी पेला पदराआड घेतला. “सरळ जा. दरवाज्याजवळ टपरी आहे.”

तो वळणाआड जाईपर्यंत मी तशीच उभी राहिले. मग पेला समुद्रात ओतला.