सावंतची सही

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. आईला तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे ते मन हलकं करायला नव्हे— तसं काही होत नसतं. परवा एका समारंभात माझी ओळख करून देताना कोणीतरी ‘निष्कलंक कारकीर्द’ असं म्हणालं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मला संताप आला. कोणाचा? तेच सांगायचं आहे.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात होती. फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला आम्हा विद्यार्थ्यांना धर्मादाय दवाखान्यातली औषधं बनवावी लागत, जोडीजोडीने. एकाने चिठ्ठीवरून मिक्श्चर बनवायचं, दुसऱ्याने ते तपासून लेबलावर सही करायची. मी गिरगावातली, बनवणारी. सावंत लालबागचा, तपासणारा. त्याचे वडील आणि थोरला भाऊ गिरणीत. काम करता करता तो माझी थट्टा करी— “साठेबाई, मुंबई मिळाली की गिरगाव तुमच्या नावावर करून देतो. तूर्त खलातलं नीट घोटा.” माझ्याहून हुशार होता. हे कबूल करायलाही मला इतकी वर्षं लागली.

त्या दिवशी बंदी मोडून मोर्चा निघायचा होता. सावंत आला नाही. भाऊ नुकताच तुरुंगात गेलेला, तेव्हा हा कुठे असणार हे मला ठाऊक होतं. जोडीदार नसला की त्याची सही आपणच ठोकायची, हा आमच्या वर्गाचा रिवाज. सगळेच करत. सावंतने मात्र मला तसं कधी सांगितलं नव्हतं— त्या दिवशीही नाही.

एका म्हाताऱ्या बाईंच्या चिठ्ठीत ब्रोमाइड होतं आणि कुचल्यातून काढलेलं स्ट्रिक्निन. थोडं असलं तर टॉनिक, जास्त झालं तर विष. ही दोन एका बाटलीत आली की काही वेळाने स्ट्रिक्निनचे बारीक खडे तळाशी बसतात आणि सगळं विष शेवटच्या डोसात उतरतं. फार्मसीच्या विद्यार्थ्याला झोपेत विचारलं तरी हे सांगता यावं. डॉक्टरला विचारल्याशिवाय अशी बाटली द्यायचीच नाही. मला माहीत नव्हतं का? होतं की. परीक्षेत लिहिलं होतं. पण खिडकीवर रांग, रस्त्यावर घोषणा, आणि मला लवकर घर गाठायचं होतं. मी बाटली भरली, डोसांच्या खुणांची कातरलेली कागदी पट्टी चिकटवली, लेबल लावलं, त्यावर सावंतची सही केली. ‘हलवून घ्या’ ही साधी चिठ्ठीसुद्धा लावली नाही.

शेवटच्या डोसानंतर बाईंना झटके आले. वाचल्या त्या— माझ्यामुळे नव्हे.

चौकशीला तीन प्राध्यापक बसले. आधी मला बोलावलं. बनवणारा चुकायचाच, म्हणून तर तपासणारा ठेवतात, असं त्यांनीच मला समजावलं. वर प्यायला पाणी दिलं. एवढी शिकलेली माणसं— एकालाही विचारावंसं वाटू नये की बाटली तपासली तेव्हा सावंत कुठे उभा होता? मान खाली घातलेली नीटनेटकी मुलगी एका बाजूला, लालबागचा मोर्चेवाला पोरगा दुसऱ्या बाजूला. त्यांचा निकाल झालेलाच होता. त्या तिघांचा मला अजून राग येतो. आणि त्या रागाआड मी किती वर्षं काढली— फार सोयीचा राग.

कारण त्यांनी मला एक प्रश्न विचारला होता. सावंत कामाला कसा आहे? गप्प बसले असते तर नुसती भित्री ठरले असते. मी गप्प बसले नाही. मी म्हणाले, “हल्ली त्यांचं लक्ष नसतं, सर. बाटल्या न बघताच सही करतात.”

कोणी माझ्याकडून वदवून घेतलं नव्हतं. वय? चांगली घोडी झाले होते. घाबरले होते? असेन. पण घाबरलेलं माणूस इतकं सुबक वाक्य रचतं का?

सावंत तेव्हा खालच्या मजल्यावर होता, त्याने यातलं काही ऐकलं नाही. त्याला नंतर आत घेतलं आणि लेबल दाखवलं. सही माझी नाही म्हणाला असता, तर त्या वेळी कुठे होता हे सांगावं लागलं असतं— आणि मोर्च्यात गेलेल्याला काढून टाकू, अशी नोटीस फळ्यावर लागलेलीच होती. तो म्हणाला, माझीच सही. फार तर एक वर्ष जाईल, असं त्याला वाटलं असावं. त्याचं नाव कायमचं कमी केलं. बाटल्या न बघता सही करणारा माणूस या धंद्यात नको, असं म्हणाले. माझेच शब्द.

मला पहिला वर्ग मिळाला. महाराष्ट्र झाला तेव्हा चाळीत मी स्वतः पेढे वाटले, हुतात्म्यांच्या नावाने डोळेही पुसले. काय म्हणावं असल्या बाईला?

निकाल कळला त्या संध्याकाळी सावंत कॉलेजच्या जिन्यात माझ्यासाठी थांबला होता. वाटलं, आता हा बोलणार. बोलला.

“सही माझ्यापेक्षा बरी काढलीत, साठेबाई,” तो म्हणाला. “मी मोर्च्यात होतो हे तुम्ही त्यांना सांगितलं नाहीत. भाऊ आत आहे, मलाही नेलं असतं तर आईचं काही खरं नव्हतं. उपकार झाले.”

मी काय म्हणाले?

मी म्हणाले, “त्यात काय एवढं.”