हवा भरून मिळे(ल)

आमचे मामा पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळेच्या, कसल्याही. हात असा की नुसता ‘क’ काढला तरी लोक थांबून बघत राहायचे. खोड फक्त एकच, मामा कधी मोजायचे नाहीत. ब्रश रंगात बुडवला की सुटले. मग पहिलं अक्षर ऐसपैस मांडी घालून बसायचं, दुसरं पाय पसरायचं, तिसरं उशीला टेकायचं आणि शेवटचं बिचारं पाटीच्या कडेला एका पायावर उभं.

‘दातांचा दवाखाना’ या पाटीतला शेवटचा ‘ना’ खिडकीच्या चौकटीवर चढला होता. त्यामुळे पेशंट दाराऐवजी खिडकीशी जाऊन उभे राहायचे. ‘धोक्याचे वळण’ लिहिताना तर ‘ण’ला जागाच उरली नाही. मामांनी तो फळीच्या जाडीवर, म्हणजे कोपऱ्यावरून वळवून लिहिला. पूर्ण पाटी वाचायची तर माणसाला वळावंच लागे. “त्यानंतर तिथे एकही अपघात झाला नाही,” असं मामा सांगतात. “त्याआधी तरी कुठे झाला होता?” असं मामी सांगते.

पुढे यंत्रावर छापलेले फलक आले आणि मामांचे ब्रश डब्यात गेले. पण हात शिवशिवायचे. त्यांनी घरातल्या बरण्यांवर नावं घातली. फ्रिजवर ‘दार लावा’ लिहिलं, त्यातला ‘वा’ शेजारच्या भिंतीवर गेला.

“उद्या माझ्या कपाळावर ‘बायको’ लिहाल,” मामी म्हणाली.

“छे! ‘को’ मावायचा नाही.”

त्याच संध्याकाळी मामीने त्यांना घराबाहेर काढलं. म्हणजे फिरायला नेलं. फिरत फिरत दोघं जुन्या टपाल कचेरीपाशी आली. तिथे खाली दोन खोल्या आणि वर एक हॉल एवढ्यात गावाच्या इतिहासाचं संग्रहालय आहे. जुनी वजनं, बंद पडलेली घड्याळं, कुणाकुणाच्या आजोबांचे चष्मे. मामा एकेक कपाट बघत पुढे गेले आणि दुसऱ्या खोलीत एकदम खिळल्यासारखे थांबले.

समोर भिंतीवर पाटी होती, ‘येथे हवा भरून मिळेल’. पस्तीस वर्षांपूर्वी सायकलवाल्यासाठी मामांनी रंगवलेली! ‘ये’ भोपळ्याएवढा, ‘हवा’ पेरूएवढी आणि शेवटचा ‘ल’ मुंगीने घाईघाईत काढल्यासारखा. पाटीखाली काचेत चिठ्ठी होती:

‘दुकानाची पाटी. लाकूड, तेलरंग. कारागीर अज्ञात. अक्षरांचा आकार क्रमाने घटत जातो. हवा निघून जाणाऱ्या ट्यूबचा असा जिवंत प्रत्यय देणारी कल्पक रचना अन्यत्र आढळत नाही.’

“अज्ञात?” मामा इतक्या मोठ्याने ओरडले की बंद घड्याळांपैकी एक चालू झालं, अशी अफवा आहे. “अगं, मी हा इथे उभा आहे!”

संग्रहालय सांभाळणाऱ्या बाई धावत आल्या. दोन वर्षांपूर्वीच बाहेरगावाहून आलेल्या, शिस्तीच्या, गळ्यात साखळीला अडकवलेला चष्मा. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“काका, पेपरात या पाटीचा फोटो आल्यापासून ही मीच रंगवली म्हणणारे दोघं येऊन गेलेत. त्यातल्या एकाला ब्रश कुठल्या टोकाने धरतात तेही सांगता येईना. तुमची सही कुठे आहे पाटीवर?”

“सहीला जागा उरली नाही.”

“मग दुसरा काही पुरावा?”

मामी पुढे झाली. “मी आहे की! रंगाचे डाग मी धुतलेत.”

“घरच्यांची साक्ष आमची समिती धरत नाही, ताई.” बाईंना खरंच वाईट वाटत होतं. “महिनाअखेरीला संग्रहालयाची पुस्तिका छापायला जाईल. त्याआधी पुरावा आणलात तर मी स्वतः नाव घालीन. एकदा ‘अज्ञात’ छापलं की मात्र छापलं.”

मामा तरातरा बाहेर आले. दारात फलक होता. ‘स्वयंसेवक हवेत. पाहुण्यांना माहिती देणे, वस्तूंवरची धूळ झाडणे, जुने फोटो ओळखणे, चिठ्ठ्या लिहिणे.’ मामांनी तो दोनदा वाचला, मागे फिरले आणि अर्ज मागितला. ‘आपण स्वयंसेवक का होऊ इच्छिता?’ या प्रश्नापुढे त्यांनी लिहिलं, ‘स्वतःला शोधण्यासाठी.’ बाईंना वाटलं, गृहस्थ अध्यात्मातले दिसतात.

दुसऱ्या दिवसापासून मामा कामावर. सकाळी धूळ झाडायची. मग पुरावा शोधायला गावभर. पण सायकलवाला केव्हाच गाव सोडून गेला होता, दातांच्या दवाखान्याच्या जागी चार मजले उभे राहिले होते आणि धोक्याच्या वळणाची तर पाटीच नव्हे, वळणही गेलं होतं. रस्ता सरळ केला होता. दुपारी परत येऊन मामा पाहुण्यांना माहिती द्यायचे. त्यात हीही पाटी यायची.

“कारागीर अज्ञात,” मामा दातओठ खात म्हणायचे.

“कोण असेल हो?” एखाद्या आजी विचारायच्या.

“असेल कोणीतरी. देखणा असावा.”

हे कळल्यावर मी मुद्दाम एकदा पाहुणा म्हणून गेलो. मामांनी मला ओळख न दाखवता संपूर्ण माहिती दिली आणि शेवटी हळूच विचारलं, “बघून काय वाटतं? कोणाची आठवण येते?” मी म्हटलं, “तुमची.” ते खट्टू झाले. “घरच्यांची साक्ष चालत नाही,” म्हणाले आणि पुढच्या पाहुण्याकडे गेले.

चिठ्ठ्या लिहायचं कामही त्यांच्याकडेच आलं. “नीट मोजून लिहा हं, काका,” बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या. झालं! हातून चूक झाली तर हे पण दार बंद, या धास्तीने मामांनी आयुष्यात पहिल्यांदा फूटपट्टी विकत आणली. पेन्सिलीने रेघा मारल्या, अक्षरं मोजली, खोडरबर झिजवला. महिन्याभरात साठ चिठ्ठ्या झाल्या. सगळी अक्षरं एका उंचीची, शाळेच्या कवायतीसारखी. बाई खूश. मामी एकदा जाऊन बघून आली आणि म्हणाली, “छान आहेत. पण तुमच्या वाटतच नाहीत.”

मामांना ही स्तुती वाटली.

महिन्याचा शेवटचा रविवार उजाडला. वरच्या हॉलमध्ये एका प्राध्यापकांचं व्याख्यान होतं. विषय ‘हवेचा अज्ञात चित्रकार’. सोमवारी पुस्तिका छापायला जाणार. मामांनी सकाळी इस्त्रीचा शर्ट घातला, पण चेहऱ्याला इस्त्री होईना. मामी आणि मी सोबतीला गेलो.

दारात बाई कपाळाला हात लावून उभ्या. छापखान्यातून आलेल्या फलकावर ‘व्याख्यान वरच्या हॉलमध्ये’ऐवजी ‘व्याख्यान वरच्या हालमध्ये’ छापलं होतं.

“अगदीच चूक नाही,” मी म्हटलं. माझ्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

“काका, पंधरा मिनिटांत दुसरी पाटी होईल?”

एक फळी सापडली. डबा उघडला, ब्रश भिजला. मामांनी खिशात हात घातला. फूटपट्टी घरच्या शर्टात राहिली होती. घड्याळ बघितलं आणि सुटले! ‘व्या’ दरवाजाएवढा. ‘ख्यान’ आरामखुर्चीत. महिनाभर कोंडलेला हात असा मोकळा झाला की मामा चक्क शीळ घालायला लागले. ‘वरच्या’ झालं, ‘हॉल’ झालं, आणि ‘मध्ये’पाशी शीळ थांबली. ‘म’ कसाबसा बसला. ‘ध्ये’ पाटीच्या कडेला अंग चोरून, श्वास रोखून उभा राहिला.

तेवढ्यात प्राध्यापक आले. उंच, हातात कागदांचं बाड. ते पायरी चढता चढता थबकले. पाटीजवळ गेले. अंगठा धरून ‘व्या’ मोजला, मग ‘ध्ये’ मोजला.

“ही पाटी कोणी लिहिली?”

“मी,” मामा पांढरेफटक. “चूक झाली, साहेब. आत्ता पुसतो.”

“पुसाल तर खबरदार!”

प्राध्यापक ओली पाटी तशीच उचलून दुसऱ्या खोलीत पळाले. हो, पळालेच. मागून बाई, मागून मामा, मामी, मी आणि जमलेली सगळी मंडळी. दोन पाट्या शेजारी शेजारी आल्या. तोच भोपळा, तोच पेरू, तीच मुंगी. ‘ल’ने आणि ‘ध्ये’ने जुळ्या भावंडांसारखं एकमेकांकडे बघितलं. बाईंनी साखळीतला चष्मा डोळ्यांवर चढवला, काढला, पुन्हा चढवला.

“म्हणजे ते तुम्ही!” प्राध्यापकांनी मामांचा हात घट्ट धरला. “आता सांगाच. ही निघून जाणारी हवा... ही कल्पना तुम्हाला कशी सुचली?”

मामांनी आमच्याकडे बघितलं. ‘सुचली’ एवढं म्हणायचं, की थोर कलावंत. चिठ्ठीतलं ‘कल्पक’ कायम राहणार. मामीने भुवया उंचावल्या. मामांनी सुस्कारा सोडला.

“जागा संपली, साहेब.”

“काय?”

“फळी संपली. मी मोजत नाही.”

प्राध्यापकांनी हातातल्या बाडाकडे बघितलं.

“अहो, मी यावर अठरा पानं लिहिलीत!”

“तुम्हाला तरी पुरली,” मामा म्हणाले.

आधी मामी फुटली. मग प्राध्यापकच असे हसायला लागले की त्यांची अठरा पानं जमिनीवर पसरली आणि ती गोळा करायला वाकलेल्या बाई खालीच बसून हसत राहिल्या. व्याख्यान झालंच नाही. वरच्या हॉलमध्ये तासभर मामाच बोलत होते. दवाखान्याचा ‘ना’, वळणाचा ‘ण’, सगळं. वेळ संपली तेव्हा त्यांचं निम्मं सांगून झालं होतं, हे ओघाने आलंच.

लोक गेल्यावर बाईंनी काचेतली चिठ्ठी काढली आणि कोरं कार्ड आपल्या टेबलावर मामांपुढे ठेवलं. “‘कारागीर’च्या पुढे तुमचं पूर्ण नाव. तुमच्याच हाताने. हेच पुस्तिकेत छापायचं आहे.”

मी धावत जाऊन बाईंच्या कपाटातली फूटपट्टी आणली. “मोजून घ्या हो,” मामी कळवळून म्हणाली, “आज तरी!”

मामांनी फूटपट्टी तिच्याच हातात दिली. “मोजलं तर मीच आहे हे मानेल कोण?”

आणि ब्रश टेकवला. नावाचं पहिलं अक्षर मांडी घालून बसलं. वडिलांच्या नावाने पाय पसरले. आडनाव निघालं तेव्हाच आम्ही तिघांनी श्वास रोखला. त्याचं शेवटचं अक्षर कार्डावर मावलं नाही. ते सरळ बाईंच्या टेबलावर उतरलं.

बाईंनी ओलं फडकं उचललं, क्षणभर तसंच धरलं आणि बाजूला ठेवलं. मग वाकून त्या कपाटांकडे बघू लागल्या.

“टेबल मावेल एवढी काच आहे का रे कुठे?” त्यांनी मला विचारलं.