सुभद्राबाईंचं बोट

दुबलगुंडीत माणिकरावांना सगळे ‘भोंगेवाले’ म्हणत. रेडिओ दुरुस्त करायचे, सभेला लाउडस्पीकर लावायचे. शिक्षण सातवी. मी त्याच गावात मास्तर, त्यामुळे त्यांना अक्कल शिकवायचा हक्क आपल्याला आहे, असं मी धरूनच चाललो होतो.

१९७८ च्या भीमजयंतीला एक भोंगा स्टेजवर होता, दुसरा पार मागे कडुलिंबावर. माणिकरावांच्या आई सुभद्राबाई दोन्ही डोळ्यांनी आंधळ्या. त्या लिंबापुढे बायकांत बसल्या होत्या. स्टेजवर बुद्धवंदना सुरू झाली तशा त्या उठल्या, स्टेजकडे पाठ केली आणि लिंबाला हात जोडले. त्यांना आवाज तिकडूनच येत होता. लोक हसले. मीही हसलो. आजही आठवलं की मान खाली जाते.

मागच्यांनाही आवाज स्टेजवरूनच येतोय असं वाटावं म्हणून माणिकराव दुसऱ्याच दिवशी कामाला लागले. मी म्हटलं, “आईंना पुढं बसवा की! एवढा खटाटोप कशाला?”

“माय पुढं बसंल, मास्तर. मागच्या शंभर माणसांशी लिंबच बोलायलाय, त्यांचं काय?”

मग त्यांनी मला शिकवलं. वाऱ्यावरचा आवाज चालत येतो, तारेतला पळत. म्हणून मागचा भोंगा आधी बोलतो, आणि जो आधी बोलेल तोच कानाला खरा. तेव्हा पळणाऱ्याला वाटेत जरा अडवायचं. जुन्या टेपरेकॉर्डरमध्ये आवाज टिपणाऱ्या हेडपासून दीड बोटावर त्यांनी वाजवणारं हेड बसवलं. फीत तेवढं अंतर कापेपर्यंत आवाज तिच्यावरच थांबे, मग लिंबावर जाई.

पारखायला आई होतीच. दोन वर्षं, दर रविवारी सकाळी, रिकाम्या मैदानात. माणिकराव स्टेजच्या जागेवरून माइकवर आकडे म्हणत आणि सुभद्राबाई लिंबापुढे बसून आवाजाकडे बोट करत. “दोघं बोलायलेत रे,” म्हणाल्या की लिंब फारच मागे राहिला, हेड केसभर जवळ. “लिंबच बोलायलाय,” म्हणाल्या की केसभर लांब. लेकाचं मन राखायला त्या एकदाही ‘जमलं’ म्हणाल्या नाहीत. मायलेक दोघंही सारखेच चिवट!

ऐंशीच्या जयंतीला कमिटीचे बळीराम म्हणाले, “आईला पुढं आणा. परत हसं नको व्हायला.”

“न्हाई,” सुभद्राबाई म्हणाल्या. “मी लिंबापाशीच बसणार.”

वंदना सुरू झाली. अर्धं गाव वंदना सोडून म्हातारीकडे बघत होतं. त्या उठल्या. मान लिंबाकडे जराशी वळली. मग त्या सावकाश फिरल्या आणि स्टेजकडे तोंड करून हात जोडले.

वंदना संपल्यावर बळीरामांनी माणिकरावांना ओढतच माइकपुढे नेलं. आयुष्यभर ‘हॅलो, हॅलो’ आणि आकड्यांपलीकडे माइकवर न बोललेला माणूस, त्याला भाषण कुठलं सुचणार?

“माय,” ते म्हणाले, “आवाज कुठून यायलाय?”

सुभद्राबाईंनी रविवारच्या सवयीने बोट उचललं. ते थेट स्टेजवरच्या लेकाकडे होतं. या वेळी कुणी हसलं नाही.