भाकरी करताना जाणारे फोटो

"यूनुस, माझ्या हातात फोन असला की फोटो जातात, अन् हिच्या हातात गेला की येतात. आता तूच सांग, चोर कोण हाय?"

महानंदाकाकूंनी फोन काउंटरवर आदळला. 'ही' म्हणजे त्यांची सून भाग्यश्री. ती शेजारीच उभी होती. तिच्या तोंडाकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

देगलूरला माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. त्याच जागेत आधी अब्बा घड्याळं दुरुस्त करायचे. काकू तेव्हापासूनच्या गिऱ्हाईक. त्या ज्वारीच्या कडक भाकरी करून विकतात, आणि येईल त्याला नातवाचे फोटो दाखवतात. तेच फोटो गायब होत होते. गायब झाले की काकू सुनेला हाक मारायच्या, ती पिन टाकून फोन उघडायची, आणि सगळे फोटो जागच्या जागी! काकूंच्या मते पुरावा पक्का होता. "आज फोटो लपवती, उद्या कपाट साफ करंल," म्हणून त्यांनी कपाटाची किल्लीसुद्धा तिच्याकडून काढून घेतली होती.

मी फोन तपासला. फोटो होते. ट्रॅश बघितला, म्हणजे पुसलेले फोटो काही दिवस पडून राहतात ती जागा. रिकामा. भानगड वेगळीच दिसली. स्टोरेज, म्हणजे फोनमधली साठवायची जागा, गच्च भरली होती. फोटो आणि ॲप मिळून निम्मीच होत होती. बाकीची निम्मी फोनने 'सिस्टीम'च्या नावावर टाकली होती. एवढी जागा खाणारी सिस्टीम मी कधी बघितली नव्हती.

"काकू, फोटो नेमके कधी जातात?"

"भाकरी करताना. कधी जेवताना बी जातात. अन् तव्हा फोन आला तर नाव बी येत न्हाई, नुसता नंबर."

इथंच माझी ट्यूब पेटायला हवी होती. मी म्हणालो, "गॅसच्या आचेनं फोन तापत असेल. शेगडीपासून लांब ठेवा." वीस वर्षांचा अनुभव असलेला माणूस असं बोलला, याची आजही लाज वाटते.

काकूंनी फोन लांब ठेवला. फोटो जातच राहिले. पुढच्या खेपेला भाग्यश्री एकटीच आली. मी फॅक्टरी रिसेट सुचवलं. म्हणजे फोन धुऊनपुसून कोरा करायचा.

"यूनुसभाई, मंग फोटो खरंच जातील, अन् नाव माझंच येईल," ती म्हणाली. "शेजारपाजारच्या बाया बी आता माझ्याकडं बघून कुजबुज करून राहिल्यात. बुधवारपर्यंत उलगडा करा. न्हाईतर मी लेकराला घेऊन चाकूरला चालले."

चाकूरला तिचं माहेर. अब्बा म्हणायचे, घड्याळ मागं पडत असेल तर आधी ते बांधणारा माणूस बघून ये. बुधवारी दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि काकूंचं घर गाठलं.

दाराशी भरलेली बॅग होती, शेजारी भाग्यश्री उभी. आत काकू परातीपुढं बसल्या होत्या, उजवा हात मनगटापर्यंत पिठात.

"बग, आता बी गेलेत," म्हणत त्यांनी डाव्या हाताने फोन उचलला, डावा अंगठा लावून उघडला आणि माझ्यापुढं धरला. गॅलरीत नातू नव्हता. नुसत्या भाकरींच्या चवडी.

"काकू, उजवा हात धुवा. आता उजव्या अंगठ्यानं उघडा."

नातू आला. डाव्याने उघडला, नातू गेला. तीनदा करून बघितलं.

"म्हंजे उजव्या हाताचा फोन येगळा अन् डाव्याचा येगळा?"

"हाव काकू. तसंच हाय."

काही फोनमध्ये 'सेकंड स्पेस' असते. एका घराला दोन दारं आणि आत दोन खोल्या, असं समजा. प्रत्येक खोलीचे फोटो वेगळे, नंबर वेगळे. एक अंगठा एक दार उघडतो, दुसरा दुसरं. आपण जेवतो उजव्या हाताने, पीठ मळतो उजव्या हाताने. त्या वेळी काकू डाव्या दाराने आत जायच्या. सून पिन टाकून उजव्या दाराने. एवढंच.

पण ती दुसरी खोली बांधली कुणी? हा फोन काकूंना मीच विकला होता, तो दिवस आठवला. काउंटरवर एक तुरीचे व्यापारी उभे होते. दोन खोल्यांचा फोन कसा असतो, त्यांना बघायचं होतं. मी काकूंच्याच नव्या फोनमध्ये करून दाखवलं. तेवढ्यात काकू म्हणाल्या, "उजवा हात पिठात असतो बाबा, डावा अंगठा बी घालून दे." मी घातला. दुसऱ्या खोलीत उभा राहूनच घातला.

आमच्या धंद्यात एक सोय आहे. कशाचंही खापर अपडेटवर फोडता येतं. शब्द ओठावर आला होता. पण दाराशी ती बॅग होती.

"काकू, भाग्यश्रीवहिनींनी काही केलं न्हाई. हे मी केलं." आणि सगळं सांगितलं.

"म्हंजे चोर तू!"

"हाव."

काकूंनी कमरेची कपाटाची किल्ली काढून सुनेपुढं सरकवली. भाग्यश्रीने किल्लीकडे बघितलं, उचलली नाही.

मी आपला मान खाली घालून दुसरी खोली तपासू लागलो. सगळी जागा तिथंच गेली होती. भाकरींचा फोटो काढायला जाऊन काकूंच्या बोटाने व्हिडिओ सुरू व्हायचा, आणि फोन पिठाच्या डब्याला टेकवलेला तसाच चालू राहायचा. पाऊण पाऊण तासाचे व्हिडिओ. चित्रात छत, आवाज मात्र स्वच्छ. पुसण्याआधी एक लावून बघितला. काकू कुण्या शेजारणीशी बोलत होत्या.

"सून व्हय? लई गुणाची हाय गं माझी. पोटची पोर करणार न्हाई एवढं करती. पण तोंडावर सांगू नये, डोक्यावर बसंल."

"बंद कर ते!" काकू माझ्यावर धावल्या.

"थांबा," भाग्यश्री म्हणाली. "यूनुसभाई, परत लावा."

मी परत लावला. तिने तिसऱ्यांदाही लावायला सांगितला. मग पदराने डोळे पुसले, किल्ली उचलली आणि बॅग आत नेली.

मी डावा अंगठा दुसऱ्या खोलीतून काढून पहिल्या खोलीत घालून दिला, नातू दोन्ही हातांना दिसू लागला. मजुरी घ्यायचं तोंड नव्हतं. म्हणालो, "हे व्हिडिओ पुसतो, निम्मा फोन मोकळा होईल."

"पूस, पूस," काकू घाईने म्हणाल्या.

"हात लावायचा न्हाई," सून म्हणाली.

तेव्हापासून मी एक नियम केला. गिऱ्हाइकाचा फोन हातात घेण्याआधी त्याचे दोन्ही हात बघायचे. आणि जागा खाणारी फाईल बिनकामाची, असं परस्पर ठरवायचं नाही. काकू आजही महिन्या-दोन महिन्यांनी स्टोरेज भरल्याची तक्रार घेऊन येतात. मी व्हिडिओ पुसायचं नाव काढलं की फोन कमरेला खोचतात.

"ती पुसू देत न्हाई रे," म्हणतात, आणि हे सांगताना त्यांना हसू आवरत नाही.