डाव्या खांद्याची रायफल

काकांच्या फ्रिजवर, नातवंडांच्या फोटोंच्या मधोमध, एक जाड कागद लोहचुंबकाखाली अडकवलेला होता. त्यावर एकात एक काळी वर्तुळं आणि अगदी आतल्या वर्तुळात भोकंच भोकं. संक्रांतीच्या निमित्ताने ॲरिझोनातल्या चँडलरमधली पंधरावीस मराठी कुटुंबं त्यांच्याकडे जमली होती, प्रत्येकाने एकेक पदार्थ आणला होता. मी बर्फ काढायला म्हणून गेले आणि बर्फ विसरून त्या कागदासमोर उभी राहिले.

"काका, हे कुणाचं?"

"माझं." काका, म्हणजे आम्हा सगळ्या मराठी मंडळींचेच काका, भूलतज्ज्ञ होते, नुकतेच निवृत्त झाले होते. "जन्मभर लोकांना झोपवलं. निवृत्त झाल्यावर मीच दुपारचा झोपायला लागलो. मग म्हटलं, जागं राहायला काहीतरी हवं. दर शनिवारी जातो. पन्नास यार्ड."

"मीही मारायचे," मी म्हणाले. "एनसीसीत."

माझ्या मागे गुळाच्या पोळ्यांचं ताट घेऊन उभा असलेला माझा नवरा चमकला. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि ही माहिती त्याला पहिल्यांदाच कळत होती. मी लपवली नव्हती, सांगण्यासारखं काही नव्हतं एवढंच. नागपूरला कॉलेजात असताना वर्षातून दोनदा आम्हाला रेंजवर नेत. सतरंजीवर पालथं पडायचं, जड जुनी पॉइंट टू टू रायफल खांद्याला लावायची आणि पाच गोळ्या मारायच्या. पाचही भोकं जवळजवळ आली तर ग्रुपिंग चांगलं. माझी पाच भोकं एकमेकांना ओळखतही नसत. आमचे उस्ताद माझा कागद उंच धरून म्हणायचे, "बेटा, दुश्मन को मारना है कि डराना है?" सगळे हसायचे, मीही हसायचे. पण गोळी सुटायच्या आधीचा तो क्षण, श्वास धरलेला, आजूबाजूचं सगळं पुसलं गेलेलं, तो मला फार आवडायचा. इंजिनियरिंग, नोकरी, लग्न, अमेरिका या रेट्यात मी तो विसरले होते.

"शनिवारी सकाळी सातला तयार राहा," काका म्हणाले. "ग्रीन कार्ड आलंय ना तुझं? मग काही प्रश्न नाही."

कार्ड येऊन सहा महिने झाले होते. दोन हजार पाचच्या आसपासची ही गोष्ट. व्हिसावर होतो तोवर बंदूक सोडाच, साधं वेगाने गाडी चालवायचंही धाडस मला नव्हतं.

रेंज गावाबाहेर, उघड्या माळरानावर होती. पत्र्याची लांबलचक शेड, खाली सिमेंटची टेबलं, समोर मातीचा उंच बांध आणि त्याच्या वर सरळसोट उभे निवडुंग. काकांनी मला कानांवर लावायचे मफ आणि चष्मा दिला, नियम पाठ करून घेतले आणि आपली रायफल समोर ठेवली. ती बोल्ट ॲक्शनची होती. प्रत्येक गोळीनंतर उजव्या बाजूचा खटका हाताने उचलायचा, मागे ओढायचा, पुढे ढकलायचा, मग दुसरी गोळी. मी वीस मारल्या. काकांनी दुर्बिणीतून बघितलं आणि दुर्बीण बाजूला सारली.

"उस्ताद बरोबरच म्हणायचे," मी म्हणाले.

"थांब. दोन्ही हात लांब कर. पंजे एकमेकांवर ठेवून मध्ये एवढीशी खिडकी ठेव. त्या खिडकीतून तो मोठा निवडुंग बघ. दिसला? आता डावा डोळा मीट."

मी मिटला आणि निवडुंग गायब झाला. खिडकीत नुसतं आकाश.

"आता डावा उघड, उजवा मीट."

निवडुंग जागच्या जागी हजर.

काका टेबलावर हात आपटून हसले. "अगं, तुझा नेमाचा डोळा डावा आहे! आणि तू इतकी वर्षं उजव्या खांद्यावरून मारतेयस. रायफल एकीकडे बघतेय, तू दुसरीकडे. डाव्या खांद्याला लाव."

डाव्या खांद्याला रायफल लावली आणि मला काय झालं ते नीट सांगता येत नाही. काहीच अवघड वाटलं नाही, एवढंच. गाल आपसूक दस्त्यावर टेकला, नळीच्या टोकावरची माशी आणि काळं वर्तुळ एका रेषेत आलं आणि तिथेच राहिलं. पहिल्या पाच गोळ्या एका बशीएवढ्या जागेत पडल्या. अडचण एकच होती. खटका उजव्या बाजूला. प्रत्येक गोळीनंतर डोकं वर करायचं, हात रायफलवरून पलीकडे न्यायचा आणि जमलेलं सगळं विस्कटून पुन्हा पहिल्यापासून जमवायचं.

"तुला सेमी-ऑटोमॅटिक पाहिजे," काका म्हणाले. "एकदा ट्रिगर दाबला की एक गोळी सुटते आणि दुसरी आपोआप आत येते. तुला हलायचं कारणच नाही."

रेंजवर भाड्याने एक मिळत होती, ती घेतली. पहिली गोळी छान, दुसरी छान. तिसऱ्या गोळीला रिकामी पुंगळी उजव्या बाजूने उडाली ती थेट माझ्या टी-शर्टच्या गळ्यात. उजव्या खांद्यावरून मारणाऱ्याच्या ती अंगापासून लांब पडते, माझं तोंड नेमकं तिच्या वाटेत. भजी तळताना तेल उडावं तसा चटका बसला.

"आधी रायफल खाली!" काका ओरडले. "नळी समोर, टेबलावर ठेव. मग काय नाचायचं ते नाच!"

मी रायफल शहाण्यासारखी टेबलावर ठेवली आणि मग नाचले. बाजूच्या टेबलावरच्या मिशाळ गृहस्थांनी टाळ्या वाजवल्या.

त्या रात्री जेवताना मी नवऱ्याला सांगितलं की मला रायफल घ्यायची आहे. तो पुण्याचा, कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात दर्जा तपासणारा, कुठलीही वस्तू घरात येण्याआधी तिचं माहितीपुस्तक वाचणारा. त्याने वरणात लिंबू पिळलं, बराच विचार केला आणि विचारलं, "कशासाठी?"

"कागदाला भोकं पाडायला."

"फक्त कागदाला?"

"फक्त."

"मग माझ्या दोन अटी. लोखंडी कपाट, आणि गोळ्या वेगळ्या कुलपात." तेवढ्यावर सुटलं. दुसऱ्या दिवशी तो कपाटांचीच माहिती वाचत बसला.

दुकान शेजारच्या गावात, डोनटवाला आणि ड्राय क्लीनर यांच्या मध्ये होतं. मला वाटलं होतं आत कोणी आडदांड माणूस असेल. काउंटरमागे साठीच्या पुढची एक बाई क्रोशाचं विणकाम करत बसली होती, चष्मा साखळीने गळ्यात लटकवलेला. मी डावखुऱ्या पुंगळीची कथा सांगितली. ती विणकाम बाजूला ठेवून हसली आणि मागच्या मांडणीवरून एक जुनी रायफल काढली. आखूड, हलकी, अक्रोडाच्या लाकडाची. "हिची पुंगळी बाजूने उडत नाही हनी, खाली पडते. डावा, उजवा, हिला सगळे सारखे."

तिने आधी स्वतः ती उघडून रिकामी असल्याचं दाखवलं, मग मला दिली. मी भिंतीवरच्या हरणाच्या कॅलेंडरवर नेम धरला. रायफल जणू माझं माप घेऊन शिवली होती. नवऱ्याने लाकडावरून बोट फिरवलं आणि "फिनिश चांगलं आहे" असं म्हणाला. त्याच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

बाईंनी फॉर्म पुढे केला. मी ग्रीन कार्ड ठेवलं. "आणि या राज्यात तीन महिने राहताय याचा पुरावा," त्या म्हणाल्या. "लागोपाठच्या तीन महिन्यांची बिलं. लाइटचं चालेल."

बिलं आमच्याकडे फायलीत लावलेली होती. सगळी नवऱ्याच्या नावावर. लाइट, पाणी, फोन, केबल. पाच वर्षं त्या घरात मी राहत होते, पण कागदावर मी तिथे कुठेच नव्हते.

"मी घेतो ना माझ्या नावावर," नवरा म्हणाला. "वापरेल ती."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "ते वाक्य मी ऐकलं नाही असं समजते. दुसऱ्यासाठी म्हणून घेतलेली बंदूक मी विकत नाही. कायद्यालाही ते चालत नाही आणि मलाही. जिची रायफल, तिचं नाव." मग माझ्याकडे वळून जरा मऊ आवाजात म्हणाल्या, "बिल नावावर करून घे. तीन महिन्यांनी ये. ती तोवर असेल असं वचन मात्र देत नाही."

सोमवारी नवऱ्याने वीज कंपनीला फोन लावला. स्पीकर चालू होता. बिल बायकोच्या नावावर करायचंय म्हटल्यावर पलीकडच्या मुलीला संशय आला. "सर, तुम्ही घर सोडून जाताय का?"

"नाही, इथेच आहे."

"मॅडम तिथे आहेत का? त्या ठीक आहेत ना?"

"मी एकदम ठीक आहे," मी ओरडले. "मला रायफल घ्यायची आहे!"

नवऱ्याने मला खुणेने स्वयंपाकघरात पाठवलं आणि पुढची पंधरा मिनिटं स्वतः निस्तरली. पण बिल माझ्या नावावर आलं. पहिलं पाकीट पेटीत आलं तेव्हा मी ते उगाचच दोनदा वाचलं.

तीन महिने दर शनिवारी काकांबरोबर गेले आणि भाड्याच्या रायफलवर हात बसवला. नवऱ्याचा जुना ऑफिसचा शर्ट घालायचा, गळ्यापर्यंत बटणं लावायची, बाह्या मनगटाशी घट्ट, हा माझा गणवेश झाला. मे महिन्यात चँडलरच्या उन्हात त्या शर्टात मी उकडून निघायचे, पण पुंगळी आत शिरत नव्हती. ती मनगटावर टपकन आपटून पडायची. हळूहळू तिकडे लक्ष जाईनासं झालं.

तिसरं बिल आलं त्याच संध्याकाळी आम्ही दुकानात गेलो. मांडणीवर अक्रोडी रायफल नव्हती.

"दहा दिवस झाले," बाई म्हणाल्या. "शाळेची बस चालवणारे एक आजोबा आले होते. सोबत मोठी नात, फॉर्म तिनेच तिच्या नावाने भरला. नात डावखुरी."

मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. तीन महिने मी मनात त्या रायफलला घरी आणून पुसत होते. पण डावखुऱ्या नातीवर रागावणार तरी कसं? बाईंनी विणकाम खाली ठेवलं. मग त्यांनी विचारलं, "आतापर्यंत कशावर सराव केलास?"

मी सांगितलं.

"आणि कागद कसे येतात?"

पर्समध्ये गेल्या शनिवारचाच होता. त्यांनी तो उजेडात धरला. "हनी, हे सगळं बाजूने पुंगळी उडवणाऱ्या रायफलने केलंस ना? मग तुला त्या दुसरीची गरज आहे असं कोण म्हणालं? मीच म्हणाले होते. चुकले मी."

त्यांनी साधी, सगळीकडे मिळते तसली सेमी-ऑटोमॅटिक काढली. दहा गोळ्यांचं मॅगझिन, काळी नळी, दस्ता जरा लांब होता म्हणून मुलांच्या मापाचा आखूड बसवून दिला. मी फॉर्म भरला. त्यांनी सरकारी तपासणीसाठी फोन लावला, माझ्या आडनावाचं स्पेलिंग तीन वेळा सांगितलं आणि होल्डवरचं संगीत ऐकत विणायला लागल्या. वीस मिनिटं मी खुर्चीत ताठ बसून होते. काही गुन्हा केलेला नसतानाही सगळं आयुष्य आठवून पाहिलं. शेवटी त्यांनी फोन ठेवला आणि म्हणाल्या, "तुझी झाली."

घरी नवऱ्याने तिचं माहितीपुस्तक पहिल्या पानापासून मोठ्याने वाचून दाखवलं.

डिसेंबरात आई नागपूरहून आली. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, तिच्यापुढे अजूनही माझी पाठ आपोआप सरळ होते. लोखंडी कपाट बघून तिला आत दागिने असतील असं वाटलं. खरं काय ते सांगितलं तर दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "कुठे जाऊन राहिली तू दर शनिवारी, मलाही दाखव."

काकांनी तिच्यासाठी घडीची खुर्ची आणली, कानांवर मफ चढवले, आणि रायफलला पाहुण्यांनी हात लावायचा नाही हा नियम सांगितला. "मला लावायचाही नाही," आई म्हणाली. मग तिला दुर्बिणीपाशी बसवलं. मी दहा गोळ्या मारल्या, रायफल रिकामी करून टेबलावर ठेवली आणि मफ काढले. आई आता दुर्बिणीतून बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

"डाव्या हातानं करून राहिली तू."

"हो. काकांनी शोधून काढलं. माझा डोळा डावा आहे म्हणे."

"डोळा कशाला, सगळी तू डावखुरीच होती." आईने पदर सारखा केला. "घास डाव्या हातानं, खडू डाव्या हातानं. शाळेत घालायच्या आधी मी ती सवय सोडवली. तीन-साडेतीन वर्षांची असशील. डाव्या हाताला रुमाल गुंडाळून ठेवायची मी. दुसऱ्यांच्या पोरांचीही सोडवली. तेव्हा आम्हाला तसंच सांगितलं होतं."

मला यातलं काहीही आठवत नव्हतं. तिशी उलटल्यावर, ॲरिझोनाच्या माळावर, मला स्वतःबद्दलची ही बातमी मिळत होती. काका उगाचच मॅगझिन पुसायला लागले.

"खूप रडायची का मी?"

"नाही गं. म्हणून तर. रडली असती तर मी सोडून दिलं असतं कदाचित."

मी तिच्या खुर्चीशेजारी खाली बसले. तिने माझा डावा पंजा घेतला, त्यावर बारुदाचा काळा डाग होता, तो अंगठ्याने पुसायचा प्रयत्न केला. तो निघाला नाही. मग हात सोडून ती एकदम मास्तरणीच्या आवाजात म्हणाली, "चल, ऊठ. ती सातवी गोळी फार बाहेर गेली तुझी. का गेली?"

"आई, तुला कसं कळलं सातवी?"

"मोजून राहिली होती ना मी."

नागपूरला परत जाईपर्यंतचे सगळे शनिवार ती आली. स्वेटरवर शाल, कानांवर मफ, डोळा दुर्बिणीला. "उजवीकडे. अजून उजवीकडे. आता बरोबर. आता घाई केली." काका म्हणायचे, इतका कडक प्रशिक्षक त्यांनी डॉक्टरकीच्या चाळीस वर्षांतही बघितला नाही. फेब्रुवारीत क्लबाची छोटी स्पर्धा होती, सोळा जणांची, त्यात माझा सहावा नंबर आला. आईला तो पटला नाही. परीक्षकांनी आठवी गोळी रेषेवर असून बाहेर धरली, असं तिचं म्हणणं होतं, आणि ते त्यांना समजावून सांगायला तिने काकांना दुभाषा म्हणून हाताला धरून नेलं.